बिनशेपटीचं एन्झाइम

“उघडा आता,” संचालक म्हणाले.

त्यांच्या टेबलावर स्टीलची वाटी होती. वाटीतल्या दोन चिठ्ठ्यांपैकी एक डॉ. मोहरीलांनी उचलली होती, दुसरी डॉ. हर्षे मॅडमनी. दोघंही नावाजलेले शास्त्रज्ञ, दोघंही पन्नाशी ओलांडलेले, आणि दोघांनीही चिठ्ठी अशी धरली होती की आत विंचू असावा.

मोहरील सर माझे गाईड. मी, हेमलता सोनटक्के, त्यांच्याकडे पीएच.डी. करत होते आणि त्या वेळी दाराशी उभी होते. माझ्या शेजारी हर्षे मॅडमचा विद्यार्थी शिवराम गावित.

सरांनी चिठ्ठी उघडली. “सकाळ.”

मॅडमनी उघडली. “दुपार.”

“चला, सुटला प्रश्न,” संचालक तळवलकर हात चोळत म्हणाले. “मंगळवारपासून नवा मायक्रोस्कोप सकाळी मोहरीलांचा, दुपारी हर्षे मॅडमचा.”

“सर, माझी पाळी बदलता नाही का येणार?” मोहरील सर म्हणाले. “मी संस्थेत जेवूनच येतो. सगळ्यांना माहीत आहे.”

“आणि मी सातला येते आणि जेवायला घरी गेले की परत येत नाही,” मॅडम संचालकांकडे बघत म्हणाल्या. “तेही सगळ्यांना माहीत आहे.”

तळवलकरांनी आधी एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. “म्हणजे तुम्हाला त्यांची हवी आणि त्यांना तुमची. मग आपसात बदलून घ्या की! माझी ना नाही.”

आपसात बदलायचं तर एकमेकांशी बोलावं लागलं असतं, आणि ते दोघं बारा वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते.

“राहू दे,” सर म्हणाले.

“राहू दे,” मॅडम म्हणाल्या.

ही तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेतली. भांडण कशावरून होतं हे सांगायला थोडं पेशीत शिरावं लागेल, पण फार आत नाही.

पेशीच्या मधोमध केंद्रक असतं आणि त्यात डीएनए. बाहेरून तो नुसता गोळा दिसतो. पण आत वेगवेगळ्या कामांच्या वेगवेगळ्या जागा असतात, आणि गंमत अशी की त्यांना भिंती नसतात. पेशी दुभंगण्याआधी डीएनएची नक्कल होते, तीही ठरावीक जागीच. रंग दिला की त्या जागा मायक्रोस्कोपखाली ठिपक्यांसारख्या चमकतात. आमचं एन्झाइम, ज्याला शाळेच्या पुस्तकात विकर म्हणतात, त्या नव्या नकलेवर मूळ प्रतीवरच्या खुणा उठवायचं काम करतं. म्हणजे जिथे नक्कल चालू, तिथे त्याने हजर असलं पाहिजे. आणि ते असतं. प्रश्न एवढाच, की भिंत नाही, पाटी नाही, सांगणारं कुणी नाही, तर त्या बापड्याला जायचं कुठे हे कळतं कसं?

मोहरील सर म्हणायचे, एन्झाइमच्या एका टोकाला एक तुकडा आहे, तोच त्याचा पत्ता. त्या तुकड्याला आम्ही प्रयोगशाळेत शेपूट म्हणायचो. शेपूट कापलं की एन्झाइम केंद्रकभर भरकटतं, हे सरांनी दाखवलं होतं. हर्षे मॅडम म्हणायच्या, पत्ता वगैरे काही नाही. नक्कल करणाऱ्या यंत्रणेत एक कडं असतं, एन्झाइम त्या कड्याला धरून ठिपक्यात शिरतं. शेपूट ठेवा नाहीतर कापा, ते पोचतंच. आणि हेही मॅडमनी दाखवलं होतं.

एका परिषदेत त्या भर सभेत म्हणाल्या, “डॉ. मोहरीलांचं एन्झाइम पत्ता वाचत जातं, आमचं वशिल्याने जातं. आपल्या देशात कुठलं खरं असेल, ते तुम्हीच ठरवा.” सभा खूप हसली. सर पुढचा आठवडाभर कुणाशीच हसले नाहीत.

बारा वर्षांत सरांनी मॅडमचा प्रयोग अनेकदा करून पाहिला, आणि दरवेळी उत्तर सरांचंच आलं. मॅडमनी सरांचा प्रयोग करून पाहिला, तर उत्तर मॅडमचं. दोघांनी एकमेकांना खोडून काढणारे इतके पेपर लिहिले, की बाहेरच्या लोकांना आमची संस्था म्हणजे त्या दोघांचं भांडण, एवढंच माहीत होतं. फोटोही जुळायचे नाहीत. मॅडमच्या फोटोत बारीक बारीक पुष्कळ ठिपके, आमच्या फोटोत मोजके आणि मोठे. सर म्हणत, त्यांची भिंगं पुसायला झाली आहेत. मॅडम काय म्हणत ते गावित मला सांगायचा नाही. सभ्य मुलगा होता.

आता दिल्लीहून समिती येणार होती. एकाच विषयावर दोन प्रयोगशाळा कशाला, हा तिचा सरळ प्रश्न. शनिवारी दोघांनी बोलायचं, समितीने ऐकायचं आणि एक प्रयोगशाळा बंद करायची. त्याआधी दोघांनी तोच प्रयोग त्याच नव्या मायक्रोस्कोपवर करायचा, आणि पेशी घेण्यापासून रंग देण्यापर्यंतची सगळी तयारी आपापल्या पाळीतच करायची, असा तळवलकरांचा नियम होता. कुणी नंतर कुरकुर करायला नको.

माझ्या प्रबंधाच्या नावातच शेपूट होतं. शेपूट पडलं की प्रबंध पडणार, प्रयोगशाळा बंद झाली की मी रस्त्यावर. तिकडे अंबाजोगाईला बापू सगळ्यांना सांगत सुटले होते की लेक पुढच्या वर्षी डॉक्टर होतेय. आळीतल्या दोन म्हाताऱ्यांनी माझ्यासाठी गुडघेदुखी राखून ठेवली होती.

मंगळवारी सर सकाळी सातला आले. ओले केस चापून बसवलेले, अंगात स्वेटर, चेहऱ्यावर परक्या गावी उतरल्याचा भाव. सकाळच्या पाळीच्या वॉचमनने त्यांना “कुणाला भेटायचंय?” असं विचारलं होतं, त्यामुळे ते आधीच घुश्शात होते.

जिन्यात हर्षे मॅडम समोरून आल्या. पाळी दुपारची असली तरी त्यांच्या पायांना सातची सवय. सर वर चढत होते, त्या खाली उतरत होत्या. सर डावीकडे झाले, त्याही तिकडेच झाल्या. सर उजवीकडे झाले, त्याही. मग सर भिंतीला चिकटून उभे राहिले आणि खिडकीबाहेरच्या पाण्याच्या टाकीकडे बघू लागले. मॅडम निघून गेल्या. सर आणखी थोडा वेळ टाकीकडेच बघत राहिले.

“सर, चलायचं?”

“हं. चल.”

मी पेशी घेतल्या, जिथल्या तिथे थिजवल्या, रंग दिला आणि स्लाइड मायक्रोस्कोपवर ठेवली. नक्कल होण्याच्या जागा लाल, एन्झाइम हिरवं. बिनशेपटीचं एन्झाइम भरकटलेलं असेल, म्हणजे केंद्रकभर फिकट हिरवा धुरळा दिसेल. हे मी इतक्या वेळा पाहिलं होतं की न बघताही चित्र काढू शकले असते.

सरांनी डोळा लावला. मग फोकसचं चाक दोनदा फिरवलं.

“सोनटक्के, ही अख्ख्या एन्झाइमची स्लाइड लावलीस तू. बिनशेपटीची लाव.”

“सर, ही बिनशेपटीचीच आहे.”

“नाही.”

“सर, खरंच.”

“मग स्लाइडवरच्या चिठ्ठ्या उलट्या लागल्यात. बघ तू.”

मी पाहिलं. लाल बारीक ठिपके, शेकड्यांनी. आणि प्रत्येक लाल ठिपक्यावर हिरवा ठिपका बरोब्बर बसलेला. शेपूट नसलेलं एन्झाइम प्रत्येक जागी वेळेवर हजर होतं. मॅडम बारा वर्षं म्हणत होत्या, अगदी तसं.

“उद्या परत,” सर म्हणाले. “आणि उद्या सगळं मी करणार. तू कशालाही हात लावू नकोस.”

सरांनी स्वतः प्रयोग करून कितीतरी वर्षं झाली होती. मला वाटलं, काहीतरी सांडवतील आणि आपण वाचू. पण बुधवारी त्यांनी कोट चढवला, बाह्या दुमडल्या आणि इतकं नेटकं काम केलं की मी बघत राहिले. हात कुठे थरथरला नाही, थेंब कुठे जास्त पडला नाही. स्लाइड माझ्यापेक्षा सुंदर झाली. आणि त्या सुंदर स्लाइडवर बिनशेपटीचं एन्झाइम आदल्या दिवसापेक्षाही ठसठशीतपणे ठिपक्यांत बसलेलं दिसलं.

सरांनी मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला.

“कुणाला बोलू नकोस.”

“नाही सर.”

गुरुवारी कँटीनमध्ये मी पोहे घेऊन बसले, तर गावित समोर येऊन बसला. नंदुरबारकडचा हा मुलगा एरवी इतका खायचा की कँटीनवाले भीमाप्पा त्याची बशी भरूनच आणत. त्या दिवशी त्याने नुसता चहा घेतला आणि तोही ढवळत बसला.

“कसं चाललंय?” मी विचारलं.

“मस्त. तुझं?”

“मस्त.”

“मॅडम खूश?” मीच पुन्हा विचारलं.

“एकदम. सर?”

“सरही.”

मी पोह्यांतल्या मिरच्या बाजूला काढल्या.

“गावित, समजा,” मी म्हणाले, “नुसतं समजा हं, तुझी लॅब बंद झाली तर काय करशील?”

त्याने एकदम वर पाहिलं. “का? काय ऐकलंस तू?”

“काही नाही रे. सहज.”

“गावाकडच्या शाळेत सायन्सला माणूस हवाय,” तो म्हणाला. “सहजच सांगतोय. आणि तू?”

“मी? छे. आमचं काय बंद होतंय!”

“नाही ना,” तो म्हणाला आणि त्याने इतका मोठा निःश्वास टाकला की मला राग आला. मला वाटलं, याला आपल्या विजयाची खात्री आहे आणि आमची कीव येतेय. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. त्याच्याही आलं असावं. पण आम्ही दोघंही आपापल्या गाईडशी इमान राखून होतो. त्या इमानापायी बारा वर्षांचा गुंता एका कप चहात सुटायचा राहून गेला.

शुक्रवारी सरांनी मला खोलीत बोलावलं. टेबल कधी नव्हे इतकं आवरलेलं होतं.

“बस. उद्या मी काय बोलणार आहे ते तुला आधी कळायला हवं. मी सांगणार आहे, की माझं चुकलं. शेपटीचा काही संबंध नाही. हर्षे बरोबर होत्या.”

“सर, घाई कशाला? आपण आणखी एकदा बघू ना.”

“माझ्या हाताने केलं, माझ्या डोळ्याने पाहिलं. आता आणखी बघायचं म्हणजे काय, हवं ते दिसेपर्यंत बघत बसायचं?”

“पण माझा प्रबंध?”

“त्याचं नाव बदलू.”

“नाव बदलून काय होणार सर? आत सगळं शेपूटच आहे.”

सरांनी चष्मा काढून पुसला. “मला ठाऊक आहे, यात तुझं नुकसान आहे. पण मी गप्प बसलो आणि तू ते खोटं घेऊन डॉक्टर झालीस, तर ते तुला पुढे फार महागात पडेल.”

लहानपणापासून मी प्रामाणिक माणसांच्या गोष्टी वाचत आले होते आणि मला त्या फार आवडायच्या. अशा माणसाच्या हाताखाली पगाराशिवाय काम करणाऱ्यांचं पुढे काय होतं, हे त्या गोष्टींत कधीच दिलेलं नसे. सर त्या क्षणी मला फार थोर वाटले. ते दोन-चार दिवस कमी थोर असते तर बरं झालं असतं, असंही वाटलं.

“सर, हर्षे मॅडमना तरी आधी सांगणार का?”

“सभेतच कळेल त्यांना,” सर म्हणाले. “सगळ्यांसमोरच सांगायला हवं.” हे शेवटचं वाक्य ते जरा विचित्रपणे बोलले, पण माझं लक्ष माझ्या दुःखात होतं.

शनिवारी सभागृह भरलं होतं. भांडण संपणार म्हणून दुसऱ्या विभागांतले लोकही आले होते. शेंगदाणे घेऊन बसावं तशी काहींची मुद्रा होती. पहिल्या रांगेत दिल्लीचे पाच पाहुणे, त्यांच्या मधोमध समितीचे अध्यक्ष, पांढऱ्याशुभ्र मिशांचे, शांत गृहस्थ. मी शेवटच्या रांगेत. माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून गावित. त्याचा चेहरा मयताला आल्यासारखा होता. जिंकणाऱ्याने इतकं सुतकी दिसू नये, असं माझ्या मनात आलं.

सर उठले. प्रास्ताविक नाही, फोटो नाहीत.

“बारा वर्षं मी सांगत आलो की या एन्झाइमला त्याच्या शेपटीमुळे जागा सापडते,” ते म्हणाले. “या आठवड्यात मी स्वतः प्रयोग केला. शेपटीशिवायही ते बरोबर जागेवर जातं. मी चुकलो होतो. डॉ. हर्षे बरोबर होत्या. मला एवढंच सांगायचं आहे.”

तेवढ्यात पहिल्या रांगेच्या टोकाला खुर्ची सरकल्याचा मोठा आवाज झाला. हर्षे मॅडम उठून उभ्या राहिल्या होत्या.

“नाही,” त्या म्हणाल्या.

“काय नाही?” तळवलकरांनी घाबरून विचारलं.

“मी बरोबर नव्हते. आम्ही या आठवड्यात तोच प्रयोग केला. शेपूट कापलं की एन्झाइम भरकटतं. साफ भरकटतं. मी माझ्या हाताने केलंय. डॉ. मोहरील बरोबर आहेत. हे सांगायलाच मी आज आले होते आणि ते मध्येच...”

“असं कसं भरकटेल?” सर व्यासपीठावरून म्हणाले. “मी स्वतः पाहिलंय. ठिपक्यांत बसतं ते.”

“अहो, तुम्ही बारा वर्षं काय सांगत होतात मग?”

“ते चूक होतं म्हणून तर आत्ता सांगतोय!”

“चूक नव्हतं!”

“तुमच्या कड्याचं म्हणणं बरोबर आहे, मॅडम!”

“मुळीच नाही! शेपटीचं बरोबर आहे!”

लोक आता उघड हसत होते. बारा वर्षांनी ते दोघं पहिल्यांदा एकमेकांशी बोलत होते, आणि भांडतच होते. फक्त बाजू बदलल्या होत्या. तळवलकरांनी कपाळावर हात ठेवला होता. दिल्लीच्या एका पाहुण्याने दुसऱ्याच्या कानात काहीतरी विचारलं. मला वाटतं, इथे नेमकी कुठली प्रयोगशाळा बंद करायची, हेच असावं.

मिशीवाल्या अध्यक्षांनी हात वर केला. हशा थांबला.

“तुम्ही दोघंही खरं बोलत आहात असं मी धरून चालतो,” ते हिंदीत म्हणाले. “बारा वर्षं एक दिसत होतं, या आठवड्यात दुसरं दिसलं. मग या आठवड्यात बदललं काय?”

“मायक्रोस्कोप,” तळवलकर म्हणाले.

“मायक्रोस्कोप दोघांसाठी बदलला. त्याने दोघांना सारखंच दिसायला हवं होतं. आणखी काय?”

मी गावितकडे पाहिलं, तो माझ्याकडेच बघत होता. आता आमचं इमान संपलं होतं, कारण लपवायला काही उरलं नव्हतं.

“तुम्ही किती वाजता पाहिलंत?” मी हळूच विचारलं.

“तीन, साडेतीन. तुम्ही?”

“आठ. सकाळी.”

“आणि एरवी?”

“एरवी सर जेवून आल्यावर.”

“आम्ही एरवी आठला,” गावित म्हणाला. आणि मग तो मला चांगलाच दचकवत ओरडला, “सर! वेळ बदलली!”

सगळी सभा मागे वळली. पुढचं आम्ही दोघांनी मिळून सांगितलं, एकमेकांची वाक्यं तोडत. पेशींनी एकदम नक्कल सुरू करावी म्हणून आदल्या दिवशी औषध घालून त्यांना थांबवायचं आणि पहाटे ते औषध धुऊन टाकायचं, हा रिवाज. धुवायचं काम वसतिगृहातली पोरं पाळीपाळीने करत, दोन्ही प्रयोगशाळांच्या पेशींच्या बशा एकदमच. म्हणजे सगळ्या पेशींची नक्कल पहाटे सुरू व्हायची आणि संध्याकाळपर्यंत चालायची. मॅडम तिची सुरुवात बघत होत्या, सर शेवट बघत होते. नक्कल चालू आहे ना, एवढं दोघांनी पाहिलं होतं. किती वाजता, हे कुणाच्याच पेपरात नव्हतं. आणि या एका आठवड्यात तळवलकरांच्या वाटीने दोघांना एकमेकांच्या वेळेला नेऊन बसवलं होतं.

अध्यक्ष थोडा वेळ मिशीवरून बोट फिरवत राहिले.

“मग सोमवारी दर तासाला पाहा,” ते म्हणाले. “आणि कृपा करून एकत्र पाहा.”

सोमवारी आम्ही चौघं दिवसभर त्या छोट्या खोलीत होतो. गावित दर तासाला पेशी थिजवायचा, मी रंग द्यायचे, सर आणि मॅडम आळीपाळीने डोळा लावायचे. सकाळी बिनशेपटीचं एन्झाइम बारीक ठिपक्यांत ठाण मांडून होतं. दुपार कलायला लागली तसे लाल ठिपके कमी आणि मोठे होत गेले, आणि हिरवं त्यांच्यावरून सुटून पसरायला लागलं. तीन वाजता ते पार भरकटलं. शेपूट असलेलं एन्झाइम मात्र दिवसभर जागच्या जागी होतं.

“म्हणजे सकाळी कडं पुरतं,” मॅडम म्हणाल्या.

“आणि दुपारी पत्ता लागतो,” सर म्हणाले.

दोघंही बरोबर होते. बारा वर्षं. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, कारण प्रबंध वाचला होता. पण त्या दोघांचे चेहरे पाहून मोठ्याने हसवेना.

गावितला असं काही कळायचं नाही. स्लाइड पुसत तो म्हणाला, “पण मॅडम, बारा वर्षांत एकदाही दुसऱ्या वेळेला कुणी कसं पाहिलं नाही?”

“मी सकाळचीच आहे,” मॅडम म्हणाल्या.

“आणि मी दुपारचा,” सर म्हणाले.

मॅडमनी स्टुलावरून वळून सरांकडे पाहिलं. “तू दुपारचा नव्हतास, यशवंत. माझ्याही आधी येऊन बसायचास. मी यायचे तेव्हा तुझा एक चहा झालेला असायचा.”

गावित पुसायचा थांबला. मीही.

“तू सगळ्यांसमोर म्हणालीस,” सर म्हणाले. ते मायक्रोस्कोपशी बोलत होते. “इन्क्युबेटरचं दार मी उघडं टाकलं म्हणून तुझ्या पेशी मेल्या. सहा महिन्यांचं काम होतं तुझं, मला काय कळत नव्हतं? पण मी नव्हतं टाकलं उघडं, कुमुद. त्यानंतर सकाळी तुझ्यासमोर येणं मला जमेना.”

“माहीत आहे मला.”

“काय माहीत आहे?”

“तू नव्हतं टाकलंस. दाराची कडी सैल होती, आपोआप सुटायची. पुढच्याच आठवड्यात मेकॅनिक आला, त्याने दाखवलं.”

सरांनी मान वर केली. “मग मला सांगितलं का नाहीस?”

“सांगायला आले होते. रोज सकाळी तुझ्या खोलीपाशी येऊन बघायचे. कुलूप असायचं.”

“मी दुपारी असायचो.”

“ते मला कुठे ठाऊक? मला वाटलं, रागावून रजेवर गेलास. कळलं तेव्हा तुझा पेपर छापून आला होता. माझ्याविरुद्ध.”

“तुझ्याविरुद्ध नव्हता ग. मला जे दिसलं ते लिहिलं.”

“मलाही जे दिसलं तेच मी लिहिलं,” मॅडम म्हणाल्या.

पुढच्या तासाच्या पेशी घ्यायची वेळ झाली होती, पण गावितनेसुद्धा घड्याळाकडे पाहिलं नाही.

समितीने अहवालात आमच्या संस्थेची तोंडभरून स्तुती केली. दोन प्रयोगशाळांच्या वेळांची हेतुपुरस्सर अदलाबदल करून वाद निकालात काढणाऱ्या संचालकांच्या दूरदृष्टीचा त्यात खास उल्लेख होता. तळवलकरांनी तो कुणालाही दुरुस्त करू दिला नाही. कुठलीच प्रयोगशाळा बंद झाली नाही. मधली भिंत पाडून दोन्हींची एक केली. माझ्या प्रबंधातलं शेपूट राहिलं, फक्त त्याच्यापुढे ‘दुपारच्या’ या अर्थाचा एक भारदस्त शब्द बसवावा लागला. गावितने सकाळवर प्रबंध लिहिला. त्याच्या गावच्या शाळेला दुसरा माणूस शोधावा लागला.

वर्षभराने प्रबंध देऊन मी तळवलकरांचा निरोप घ्यायला गेले. त्यांनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही.

“सोनटक्के, बसा जरा. तुमच्या सरांचा आणि मॅडमचा वर्षभरात एकही पेपर नाही. भांडत होते तेव्हा वर्षाला चार-पाच असायचे. दिल्लीहून विचारणा आली आहे. करतात काय हे दोघं?”

“सर, सकाळी सातला येतात. चहा घेतात.”

“मग?”

“मग एकमेकांच्या जुन्या पेपरांत काय काय चांगलं होतं, ते बोलतात.”

“आणि दुपारी?”

“दुपारी दोघंही जेवायला घरी जातात. परत येत नाहीत.”

तळवलकरांनी उठून दार लावून घेतलं. “हे बघा, तुम्ही त्यांच्या जवळच्या. मॅडम सरांविषयी काहीतरी वाईट बोलत होत्या, असं त्यांच्या कानावर घालता येईल का? फार नको. एका पेपरपुरतं.”

त्या माणसाचा चेहरा इतका केविलवाणा झाला होता की मी प्रयत्न करायचं कबूल केलं. खाली आले. सर निघायच्या तयारीत होते, पिशवीत कागद भरत होते.

“सर, एक सांगायचं होतं. मॅडम म्हणत होत्या, तुमचं इंग्रजी फार कच्चं आहे. तुमचे पेपर वाचवत नाहीत म्हणाल्या.”

सरांचा हात थांबला. “खरंच म्हणाली?”

“हो सर.” मला थोडी आशा वाटली.

“बरोबरच आहे तिचं,” सर प्रसन्नपणे म्हणाले आणि पिशवी खांद्याला लावली. “मग आता पेपर तिनेच लिहावेत.”

मॅडम पलीकडच्या टेबलापाशी पर्स आवरत होत्या. सरांचं इंग्रजी आपल्यापेक्षा किती तरी चांगलं, म्हणून पेपर त्यांनीच लिहावेत, असं त्यांनी आदल्याच आठवड्यात मला सांगितलं होतं.